उशिराचं झाड

सिल्वेशच्या उतारावर, भांड्यांच्या धुवणावर
लिओकादियानं वाढवलेलं संत्र्याचं झाड.
शेजाऱ्यांची जानेवारीतच उतरली,
टोपल्या धुऊन पालथ्या पडल्या.
हिचं एप्रिल संपला तरी गच्च:
गेल्या वर्षीचं फळ न् यंदाची कळी
एकाच डहाळीवर,
कुणी कुणाला ढकलत नाही.

ऊन चढलं तशी पिकली साल
देठाकडून पुन्हा हिरवी होऊ लागली.
लिस्बनहून आलेली भाची म्हणाली, "कच्चीच आहेत की!"
हिनं चाकू पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला,
एक कापलं.
रस भाचीच्या कोपरापर्यंत ओघळला.

शुक्रवारी नोंदणी कचेरीत
बेल्मिरू, वय एकाहत्तर, घोटून दाढी,
तासभर आधीच हजर.
लिओकादिया उशिरा पोचली.
केसांत एक फूल,
पिशवीत सहा हिरवी संत्री.