जॉब

आमच्या घरात जॉब म्हणजे लोखंडाचा तुकडा.
चकात आवळायचा, सेंटरला घ्यायचा,
सूतभर जादा गेला की भंगारात.
म्हणून मी जॉबचा इंटरव्ह्यू आहे म्हणाले
तेव्हा पप्पांनी उद्यमनगरातल्या सवयीनं विचारलं,
"मटेरियल कसलं?"

मटेरियल मी होते.
सहा महिने इंटर्न, राजारामपुरीत सातव्या गल्लीला,
बेकरीच्या वर.
पहिल्या दिवशी अकरा माणसं, नऊ खुर्च्या.
दिवाळीपर्यंत एकवीस झालो
आणि मीटिंगची खोली टेबलांनी खाल्ली.
साडेचारला खालून खारी भाजल्याचा वास यायचा,
तेवढा अर्धा तास
कुणी कुणाच्या कोडला नावं ठेवायचं नाही.

काम दूध संस्थांचं. लिटर, फॅट, दर, दहा दिवसांचं बिल.
मला पहिल्यांदा दिलं ते एक बटण.
निळं होतं, हिरवं करायचं.
तीन दिवस लागले.
त्यातले दोन,
ते कुठल्या फाइलीत आहे हे विचारायला लाजण्यात गेले.

इंटरव्ह्यू जिन्यात झाला.
उपाध्ये सर वरच्या पायरीवर, लॅपटॉप मांडीवर,
मी दोन पायऱ्या खाली,
आणि खांद्यावर जार घेऊन चढणारा पाणीवाला आमच्या मधोमध.
"लिंक्ड लिस्ट उलटी कर."
अर्ध्यात टोक सुटलं हातातून.
माळ तुटावी, मणी पायरी पायरीनं उतरत जावेत,
बेकरीत ऐकू गेलं असेल.

सरांनी लॅपटॉप मिटला.
"इथं आल्यापासून काय मोडलंस?"

वडणगे, म्हटलं.
दरातले पैसे पडद्यावर झाकायचे होते,
मी कापले.
यादी सुबक दिसायला लागली. बिलंही तितकीच सुबक.
एकशे चाळीस खाती. कुणाचे अठ्ठावीस रुपये गेले, कुणाचे नव्वद.
कळल्यावर पहाटे साडेपाचला मोपेडवरून गेले.
सचिव कृष्णात मिठारी, कानाला मफलर,
त्यांनी कॉम्प्युटरकडं बघितलंच नाही.
कपाटातून लाल वही काढली.
"ह्यात हाय समदं. तुमच्यावर भरवसा हाय,
पर मी लिवतो."
कॅन घेऊन रांगेत उभ्या बायकांतली एक म्हणाली,
"हीच व्हय ती? ल्हान हाय की."
नऊ वाजेपर्यंत वही आणि पडदा, वही आणि पडदा.
मग चहा दिला त्यांनी,
चमचा उभा राहील असा.

सर गप्प.
पाणीवाला रिकामा जार घेऊन उतरताना थांबला होता.
"मग पैसे दिले काय परत?"
"दिले."
"मग घ्या की हिला," म्हणाला, आणि गेला.

आता आम्ही सत्तावन्न. दोन मजले, काचेची खोली,
पाण्याचं मशीन. तो पाणीवाला येत नाही.
परवा खुर्चीच्या ह्या बाजूला मी होते.
समोर जुबेर नदाफ, गडहिंग्लजचा,
शर्टावर पाकिटातल्या घड्या तशाच.
त्याची लिस्ट उलटली, एक मणी सांडला नाही.
मी विचारलं, आजवर काय मोडलंस?
"काहीच नाही मॅडम. मी जपून करतो."
फॉर्मवर पेन टेकवलं. उचललं.
काच होती म्हणून बाहेरचं सगळं दिसत होतं,
ऐकू काही येत नव्हतं.

रात्री पप्पांना सांगितलं. ते मोरीत बसून
भुशानं हात चोळत होते. नखातलं काळं निघत नाही,
तरी रोज चोळतात.
मी म्हटलं, पोरगा हुशार आहे, पण एकदाही चुकलेला नाही,
कसं घ्यायचं?

पाणी बंद केलं त्यांनी.
"त्याच्या हातात मशीन दिलंय काय
अजून कुणी?"