साठ दाती

नागदेवी स्ट्रीटवर मोईजभाईनं काउंटरवर
तीन पाती मांडली, जेवणाच्या ताटांसारखी.
चोवीस दात. चाळीस. साठ.
"चोवीसवालं न्या मॅडम, झपाझप कापतं."

कापतं तर खरंच.
गेल्या महिन्यात चेंबूरला त्यानंच कापला
सागाच्या व्हिनियरचा अठरा एमएम.
कडेच्या कपच्या बघून बाई म्हणाल्या,
"उंदीर पाळलेत का हो तुम्ही?"
दोन शीटचे पैसे मी भरले.

प्लाय म्हणजे फळी नव्हे.
एक थर उभा, एक आडवा, परत उभा,
चिकटवलेलं भांडण.
मोठा दात त्यातून उपटत जातो.

साठवालं उचललं. किंमत तिप्पट.
पप्पा करायचे तसं बोटावर टांगून टिचकी मारली.
फुटका आवाज आला असता तर परत दिलं असतं.
वाजलं, देवघरातल्या घंटीपेक्षा लांब.
"सरळ रेषेत जाड सागवान चिरू नका ह्यानं," मोईजभाई म्हणाला,
"जळेल."

भांडुपच्या गाळ्यात प्रणयनं शीट टाकली, चांगली बाजू वर.
"पालथी कर. दात खालून वर येतात,
ओरबाडायचं ते पाठीला ओरबाडू दे."
रेघेवर टेप. पातं जेमतेम बाहेर.
घाई नाही.

मग कडेवरून तळवा फिरवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कूस लागली नाही.
प्रणयनंही फिरवला, दोनदा.

चोवीसवालं पुसून खिळ्याला अडकवलं.
सोमवारी सेंटरिंगच्या फळ्या आहेत.