कानस

फ्राउके नावाची बाई आली होती, लांब उत्तरेकडून.
पियानोंचे सूर लावणं हा तिचा धंदा,
म्हणजे एका अर्थी आमच्याच बिरादरीतली.
पहिल्याच दिवशी तिनं दोन पट्ट्या वाजवल्या,
जोडीच्या, नुकत्या घासलेल्या,
आणि माझा अपमान होऊ नये अशा बेतानं
म्हणाली, एक जराशी उतरली आहे.

उतरलेलीच आहे. मी उतरवली आहे.
मधोमध घासली की काशाची पट्टी उतरते,
टोकांना घासली की चढते;
दोघींत एवढंसंच अंतर ठेवायचं
की जोडीनं वाजल्या की हवा थरथरावी.
बालीत त्याला ओंबाक म्हणतात. लाट.
ती नसली तर पट्टी वाजते, पण श्वास घेत नाही.

तिनं यंत्र काढलं. सेकंदाला सात, म्हणाली.
मी कधी मोजली नव्हती.
बाप म्हणायचा, आधी कानस धर, कान मागून येईल,
आणि चुकलं की त्याच कानशीची मूठ टाळक्यात.
मला विचाराल तर कान जन्माला येत नाही,
घासून निघतो.

पण मग ती तिचा स्वरकाटा वाजवायची,
सरळ, एकटा, वळणच नसलेल्या रस्त्यासारखा,
आणि तिचे डोळे मिटायचे
जसे माझे मिटतात.

एकदा कानस सटकली, पट्टीवर आडवी किंचाळली.
दोघांनी एकदम कानांवर हात नेले.
कुत्रा उठून बाहेर गेला.
तेवढं मात्र आम्हा तिघांना कुणी शिकवलं नव्हतं.

मग तिला हवा होता न शिकलेला कान.
सुनेच्या कडेवर नात होती, दोन महिन्यांची,
पाय अजून जमिनीला टेकवायचे नव्हते.
म्हटलं, हा घ्या, कोरा आहे.
फ्राउकेनं लाटेची जोडी वाजवली,
मग एकीवर मेण चिकटवून, लाट मारून, पुन्हा.
पेन्सिल वहीवर टेकवून बसली.
पोरगी कोंबड्याकडे बघून हसली.
आर्तिनी म्हणाली, कोरा कुठला, बाबा,
नववा लागेस्तोवर मी भाता ओढत होते,
घणाच्या ठोक्याला ही आतून लाथ मारायची.

जाताना तिनं एक जोडी करून मागितली,
तिच्या पद्धतीची. बिनलाटेची.
पाच दिवस लागले.
शेवटच्या दोन घासांपाशी हात थांबायचा,
भरल्या ताटात मीठ सांडायला सांगितल्यासारखा.
आणि केली तर तिच्या सामानाचं वजन जास्त झालं,
जोडी इथेच राहिली.

पडवीत टांगली आहे.
नात आता अडीच वर्षांची.
माझ्या चांगल्या जोड्या सोडून
चमच्यानं तीच बडवते, सकाळ-संध्याकाळ.
फ्राउकेला कळवावं असं मनात येतं,
एक-दोनदा कागदही घेतला.
पण खरं सांगायचं तर
बाकीच्यांना तिचा हात पोचत नाही.