किती आहे?

पोतोसीत पाणी शंभरापर्यंत जातच नाही.
शहाऐंशी-सत्त्याऐंशीला उकळून मोकळं होतं,
बटाटे मात्र तासाभरानंतरही आतून कच्चे.
इतक्या उंचावर हवा विरळ,
उष्णता उचलून न्यायला माणसं कमी पडावीत तशी.
हे शाळेत कळलं नव्हतं, पंख्याने शिकवलं:
मिनिटाला दीड हजार फेऱ्या,
आणि नुसती बडबड.

प्रोसेसर एल आल्तोच्या गुरुवारच्या बाजारातला,
चार गाभ्यांचा,
कोपऱ्यावर कुणाच्या तरी घाईचा ओरखडा.
विकणारा म्हणाला, पोरी, याला फार पळवू नकोस.
मी पेस्टचा ठिपका ठेवला, वाटाण्याएवढा,
वर तांब्याचा ठोकळा आवळला
आणि पहिल्याच रात्री गुणक चाळीसवरून बेचाळीस केला.
मग त्रेचाळीस.
चव्वेचाळीसला पडदा निळा पडला.
तेव्हा व्होल्टेज वाढवलं, मीठ घालतात तसं,
जरासं, चाखत चाखत.

कारण सकाळी साडेसातला सेन्योरा इर्मा येणार,
मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ न्यायला.
सहा तासांचं चित्रण, अकरा वेळा तोच नाच,
कोटावर नोटा टोचून घेणारा, घामेजलेला नवरदेव.
बेचाळीसवर दुपार होईल.
पंचेचाळीसवर उजाडायच्या आत संपेल.

पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा आकडा: एकाहत्तर.
डावीकडे खाटेवर, बाबांच्या बोटाला चिमटा,
त्यावर लाल आकडा: सत्त्याऐंशी.
हा खाली राहायला हवा, तो वर.
मधे मी, एक पाय लंगडणाऱ्या खुर्चीत.

बाबा सव्वीस वर्षं त्या लाल डोंगराच्या पोटात उतरले.
तिथे आकडे नव्हते.
हात उपडा करायचा आणि बोटांच्या पाठीने,
आई ताप बघते तसा,
खडक बघायचा.
चटका बसला की माघारी फिरायचं,
कुणी भित्रा म्हणालं तर म्हणू दे.
ते दर वेळी फिरले.
धूळ तेवढी बरोबर घेऊन आले.

एकोणऐंशी.
त्र्याऐंशी.
पंखा फणफणायला लागला.
मी खिडकी उघडली. बाहेर शून्याखाली आठ,
पण तीही विरळच थंडी, पातळ दुलईसारखी,
आणि बाबा खोकले, म्हणून लावून घेतली.

दोन वाजता दिवा मंदावला.
एकाच बोर्डावर सगळं:
दिवा, संगणक, ऑक्सिजनचं यंत्र.
यंत्राचा सूर उतरला, अडखळला, पुन्हा लागला,
पण खालच्या पट्टीत.
हिरवा एकोणनव्वद.
लाल एक्याऐंशी.

"योबाना," त्यांनी डोळे न उघडता विचारलं, "किती आहे?"

"एकोणनव्वद," मी म्हणाले.

खोटं कसं म्हणायचं? खोलीत एकोणनव्वद होतंच.

"मग झकास," म्हणाले, आणि भिंतीकडे वळले,
आणि मला त्या वळण्याचा चटका बसला,
बोटांच्या पाठीवर नाही,
जिथे बघायला हात पोचत नाही तिथे.

गुणक खाली आणला. पंचेचाळीस, त्रेचाळीस,
मग थांबले नाही, चाळीस, जिथून निघाले होते.
व्होल्टेजही परत.
सेन्योरा इर्मा दारात उभी राहून बोलेल, बोलू दे,
जावयाच्या नोटा दुपारीही तितक्याच दिसतील.
दिवा जरा सावरला.

सिलिकॉनचा ताप पटकन उतरतो:
ऐंशी, बहात्तर, सहासष्ट,
जिन्यावरून धावत सुटलेलं पोर जणू.
लाल आकडा त्याच जिन्याने वर निघालेला,
प्रत्येक पायरीवर कठड्याला धरून.
ब्याऐंशी.
बराच वेळ ब्याऐंशीच.
मी कॅबिनेटला हात उपडा लावला. कोमट.
मग तोच हात त्यांच्या कपाळावर.

चारच्या सुमाराला पुन्हा आवाज आला,
"आता किती?"

या वेळी खरा सांगितला. चौऱ्याऐंशी.

ते काही वेळ बोललेच नाहीत.
यंत्र तेवढं श्वास घेत होतं.
मग अंधारातून, अगदी हळू:
"मघाशी जास्त होता ना?"