अठ्ठावन्नावी पट्टी

दुपारी साडेतीनला ब्लांका म्हणाली,
"ती वरची एक तार, ओताकर, जरा बघाल?"
बघितली. तिघींतली मधली. अठ्ठावन्नावी पट्टी.
खुंटी म्हाताऱ्याच्या दातासारखी,
फिरवाल तेवढी फिरते,
ठेवाल तिथं राहत नाही.
भोकात काचकागदाची चिंधी सारली,
खुंटी ठोकून बसवली, तार वर ओढली,
आणि तिच्यावर भरवसा न ठेवता बाहेर आलो.

पत्रिकेवर त्याचं नाव एका अक्षरानं चुकलं होतं.
क्रुपिच्काचा क्रुपिश्का झालेला.
कुणी तक्रार केली नाही. करणार कोण?
शाळेत ऑर्गन शिकवायचा,
चौतिसाव्या वर्षी छातीच्या दुखण्यानं गेला.
मागं एकच कॉन्चेर्तो, दोनदा वाजलेला,
शंभराहून जास्त वर्षं कपाटात.
वादकांच्या जुन्या पानांवर शिसपेन्सिलीच्या खुणा:
'इथं श्वास', 'काठीकडे बघ', 'पाय गारठले',
आणि बसूनच्या एका पानावर नुसतंच
'अरेरे'.

फेब्रुवारी. पिल्झेन. ट्रामच्या रुळांत बर्फाचा राडा,
बिअरच्या कारखान्यावरून येणारा भिजल्या धान्याचा वास
कोटांबरोबर आत आलेला.
सहाशे खुर्च्या, माणसं एकशे चाळीस.
मी विंगेत, वाळूच्या बादलीशेजारी उभा.

पहिला भाग मी ऐकला नाही.
तार ऐकली.
वाद्यवृंद गरजत होता, ब्लांका मांडीवर हात ठेवून
ट्रामची वाट बघावी तशी बसलेली,
मग एकदम उठावं तशी सुरांत शिरली,
आणि मी मोजत होतो:
अठ्ठावन्नावी, पुन्हा अठ्ठावन्नावी,
एकेचाळीस वेळा. टिकली.

दुसऱ्या भागात चाल आली ती चेलोकडे.
आता पियानो घेईल, म्हटलं. घेतली नाही.
पुढच्या वळणावर घेईल. नाहीच.
ब्लांका खाली, अगदी हळू, सूर अंथरत राहिली,
जिन्यात कुणाला तरी दिवा धरावा तशी,
आणि वर चढत होता बोहुस्लाव,
सरावाला कायम उशिरा येणारा,
दर चार ओळींनी मान पुसणारा जाड्या बोहुस्लाव;
त्याच्या हातात हे कुठून आलं?
ज्याच्यासाठी मांडव घातला
तोच पंगतीत वाढायला उभा, असं काहीतरी.
लोक विसरले त्याला, ते यामुळेच की काय.

मग एका जागी, फार तर पाच मापं,
तीच ओळ परत येते, पण खालचा एक सूर
अर्ध्या पायरीनं उतरतो.
एवढंच. बाकी सगळं तसंच.
तिसऱ्या रांगेतला खोकणारा गृहस्थ
टॉफीचा कागद अर्धा उघडून थांबला,
उरलेला अर्धा त्यानं उघडलाच नाही.

तिसरा भाग लांबलाय, खरं सांगायचं तर.
पोल्का दोनदा पुरली असती, चारदा येते.
ट्रंपेटवाले एकदा चुकले, हसले, सावरले.
पोरानं बक्षिसाचा कप सगळ्या गल्लीला दाखवावा
तसा तो शेवट संपतच नाही,
आणि संपला तेव्हा मला वाटलं,
पाचव्यांदाही चालली असती.

एकशे चाळीस जणांच्या टाळ्या
सहाशेंच्या होत नाहीत, खोटं कशाला बोला.
पण कोटांच्या खोलीतली व्लास्ता
हातात कुणाची तरी टोपी घेऊन दारात उभी होती,
आणि टोपीचा मालक तिच्यामागे, न मागता.

ब्लांका विंगेत आली, घटाघटा पाणी प्याली.
"उतरली ना तार? पोल्का सुरू झाली तेव्हाच.
ऐकलीत ना?"
"ऐकली," मी म्हणालो.
अडतीस वर्षांत या कामात बोललेलं
हे माझं पहिलं खोटं.

दिवे निम्मे झाल्यावर स्टेजवर गेलो,
अठ्ठावन्नावी दाबली.
दोन तारा सरळ, मधली लडखडत,
वँव, वँव, वँव,
रिकाम्या खुर्च्यांवरून जाऊन परत आली.
किल्ली खिशातच होती.
सकाळी दहाला शाळेच्या मुलांचा कार्यक्रम आहे.
नऊला येईन, लावीन.
आणखी एकदा दाबली,
आणि झाकण बंद केलं.