थेंब उभा राहीपर्यंत

भिलवडीच्या बंद गुऱ्हाळात
चिपाड पूर्वी काहिलीखाली जळायचं,
आता काहिलीत शिजतं.
दिवसभर शिजून होतो राखाडी लगदा,
ओल्या घोंगडीच्या वासाचा.

प्रणोती चौगुले त्याचे तळहाताएवढे तुकडे थापते,
उन्हात वाळवते, ड्रॉपरने एक थेंब सोडते
आणि वहीत लिहिते :
पसरला.
पसरला.
चार सेकंदांत पसरला.
एके ठिकाणी नुसतंच : प्यायला.

जुने गुळवे बाबालाल मुलाणी
कट्ट्यावर बसून बघत असतात.
चाळीस हंगाम दोन बोटांत पाक जोखलेला माणूस,
त्यांना थेंबाचं कळतं.
"पोरी, ह्यो बसलाय.
उभा ऱ्हायला पायजे."

तिनं अळवाचं पान आणलं, भिंगाखाली धरलं.
टिकत नाही म्हणून ज्याला नावं ठेवतात सगळे
ते पाणी बघत राहिली तासभर.
तिला तेच हवं होतं,
कुठंच बूड न टेकणारं.

पुढं कधीतरी, बोलता बोलता,
बाबालालनी उसाचं कांडं नखानं खरवडलं.
पेराखालची पांढरी भुकटी,
आपण दातानं सोलून थुंकत आलो ती जन्मभर.
"मेण हाय हे. ऊस इरलं घालूनच येतोय की.
आपणच काढून टाकतोय."

कारखान्यातून प्रेसमडची बादली आली,
आंबूस, काळी. शेजारच्यांनी खिडक्या लावल्या.
आठवडाभर मुरवून, गाळून
मेण निघालं चहाच्या चमच्याएवढं.

शनिवारी, वीज गेलेली असताना,
मोबाईलच्या उजेडात थेंब उभा राहिला.
गोल. पोटात शेडचं छप्पर उलटं.
तुकडा कलला तसा घरंगळत गेला,
मागं ओल नाही, रेघ नाही.
"पाक जमला," बाबालाल म्हणाले
आणि चपला शोधू लागले.

भिंतीवर महापुराची खूण आहे,
दोनदा चुना लावूनही दिसते,
प्रणोतीच्या खांद्याच्या वर.
तिनं तो तुकडा खुणेवर टेकवून बघितला.
केवढासा.
मग तिचं तिलाच हसू आलं.

सकाळी तुकड्यावर मुंग्यांची रांग.
लगदा आतून अजून गोड होता.
वहीत तिनं लिहिलं :
पाणी थांबलं. मुंग्या नाही.
अजून एकदा धुवायचं.