चौदाशे बारा ओळी

ओझुर्गेतीत माझं दुकान आहे, चहाच्या बंद कारखान्यासमोर.
चार्जर, शाई, मेलेले लॅपटॉप.
नाझिब्रोला आली तेव्हा कुणाचातरी कीबोर्ड उलटा धरून
मी त्यातली सूर्यफुलाची टरफलं झटकत होतो.

तिनं पिशवीतून डिस्क काढली, लोकरी मोज्यात घातलेली.
एकाच मोज्यात. दुसरा कुठे, ते मी विचारलं नाही.

सांस्कृतिक केंद्रातला माणूस म्हणतो,
आधी यादी आणा, कागदावर. मग बघू.
ओटिया फेब्रुवारीत गेला. तीस वर्षं
लग्नात, मर्तिकात, द्राक्षं तुडवताना
टेबलाखाली यंत्र ठेवून बसायचा हा माणूस,
लोक गात असायचे आणि हा बॅटरीकडे बघत असायचा.
‘वाजवू नकोस,’ ती म्हणाली. ‘फक्त नावं.’

फोल्डरात फोल्डर, त्याच्या पोटात आणखी एक:
नवीन, नवीन दोन, खरंच नवीन,
आणि कुठेतरी तळाशी वीजबिलांची चित्रं.
मी काळी खिडकी उघडली, एक ओळ टाइप केली,
शेवटी तो तिरपा कंस, चोच वासलेल्या पिल्लासारखा,
पुढे यादीचं नाव.
पापणी लवायच्या आत तीस वर्षं
एका साध्या फाइलीत येऊन बसली.
चौदाशे बारा ओळी.

आणि सगळी प्रश्नचिन्हं.
???? ?????? ३
?? ????? ?? ११
आमची लिपी त्या खिडकीला ओळखू येत नाही,
एकेका अक्षराला अडवून ती विचारते, तू कोण?
नाझिब्रोलानं चष्मा लावला, पहिलं पान नीट वाचलं,
वरपासून खालपर्यंत.
‘तोच आहे,’ म्हणाली. ‘काही विचारलं की
असंच उत्तर द्यायचा.’

पासष्ट हजार एक हा आकडा आधी घालावा लागतो.
हाच का, ते मला कुणी शिकवलं नाही.
घातला, आणि नावं आली:

इलिकोचा घसा बसलेला, तरी
वार्लामचं लग्न, दुसरं
कुत्रा मध्येच
पुसायचं
पुसायचं नाही
खालचा आवाज एकटा, बाकीचे दोघे रुसलेत

वर्णक्रमानं लावली तर मेलेले जिवंतांच्या मांडीला मांडी लावून बसले.
तारखेनं लावली तर सगळ्याच एका दिवसाच्या,
ज्या दिवशी भाच्यानं डिस्क बदलली.
‘आकारानं लाव,’ ती म्हणाली,
हेझलनट चाळणीतून काढतात तशा सुरात.

मोठ्या फायली वर गेल्या. आख्ख्या रात्रीच्या मेजवान्या.
तळाशी एकच राहिली, शून्य बाइटची:

मी, वरचा आवाज. घरी कोणी नाही.

आमच्याकडे वरचा आवाज म्हणजे कोंबड्याची बांग,
एका टेकडीवरून सोडायची, दुसरीवरच्यानं मान वळवायची.
ओटियाला गाताना मी कधी ऐकलं नाही.
गावात कुणीच नाही.

बटण दाबलं आणि गायला नाही,
की गायला आणि बटण दाबलंच गेलं नाही?
मी म्हटलं, ही रिकामी आहे, काकू. काढून टाकू?
केंद्रातला माणूस विचारेल.

ती बराच वेळ त्या ओळीवर बोट ठेवून होती.
काचेवर बोटाचा वाफाळ ठसा.
‘घरी कोणी नाही म्हणतो,’ ती पुटपुटली.
‘मी मागे असेन. गाय धूत असेन.’
मग बोट उचललं.
‘राहू दे यादीत.’

प्रिंटर बाराशेच्या पुढे फिका पडत गेला,
शेवटची ओळ पेन्सिलीनं लिहिल्यासारखी आली,
पण आली.
तिनं टेबलावर हेझलनटची पुरचुंडी ठेवली,
पानं घडी करून कोटाच्या आत घातली
आणि गेली.

मोजा तिथंच होता, डिस्कसकट.
संध्याकाळी फोन केला.
असू दे, म्हणाली, नेईन कधीतरी,
अजून वाचतेय.